जुन्या चेतकच्या उजव्याच पॅनलचा रंग पुन्हा पुन्हा का उडतो?

चेतक स्कूटर घरी रंगवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली. डावं पॅनल दोन-तीन वर्षं टिकतं, पुढचं शील्डही बरं असतं, पण इंजिनाच्या बाजूचं उजवं पॅनल एका पावसाळ्यात फोडांनी भरतं. मग तेवढाच भाग घासायचा, वर प्राइमर, वर रंग. दिवाळीपर्यंत दृष्ट लागावी असं दिसतं. पुढच्या आषाढात त्याच जागी तेच फोड, या वेळी जरा मोठे. तिसऱ्या खेपेला खापर रंगाच्या कंपनीवर फुटतं आणि महागातला कॅन आणला जातो. तोही उडतो.

रंग सुटतो तो जवळजवळ नेहमी खालच्या थरामुळे, आणि वरून कितीही निरखलं तरी तो थर दिसत नाही. त्यामुळे पॉलिश पेपर हातात घेण्याआधी एक गोष्ट जपून ठेवा: गाडीवरून सुटलेला रंगाचा पोपडा. लोक तोच पहिल्यांदा झाडून टाकतात.

खालचं सगळं पत्र्याच्या पॅनलसाठी आहे. बजाजने १९७२ साली आणलेल्या चेतकची बॉडी पत्र्याची, म्हणूनच इतकी जुनी गाडीसुद्धा पार खरवडून नव्याने उभी करता येते. नवी इलेक्ट्रिक चेतकही धातूच्याच बॉडीची आहे, पण तिला इंजिन नाही, त्यामुळे पुढची निम्मी भानगड तिच्या वाट्याला येत नाही. दुसरी कुठली स्कूटर असेल तर आधी चुंबक लावून बघा. कुठेच चिकटला नाही तर प्लास्टिक. त्याला वेगळा प्राइमर लागतो आणि जोरकस थिनर चालत नाही, तो विषय इथे घेत नाही. चुंबक बाकी सगळीकडे घट्ट धरतो आणि एका जागी सैल पडतो, असं झालं तर तिथे आधीच्या कुणीतरी जाड पुट्टी भरून ठेवलेली आहे. ती जागा खडूने आखून ठेवा.

पोपडा उलटा करा

ब्लेडच्या टोकाने एक पोपडा होईल तितका सलग उचला. उजेडात न्या आणि त्याची पाठ बघा. तो जिथून निघाला ती जागाही बघा.

पाठ तपकिरी आणि खरखरीत आहे, बोटाला गंजाची भुकटी लागते, म्हणजे गंज खालून वर आलेला आहे. मागच्या वेळी घासताना तो निघाला नव्हता, किंवा पॅनलच्या आतल्या बाजूने आला.

पाठ प्राइमरच्या रंगाची, गुळगुळीत, आणि खाली पत्रा लख्ख. इथे गंजाचा संबंध नाही. प्राइमरने पत्रा धरलाच नव्हता, नुसता वर बसला होता. कारणं तीनच: पत्र्यावर तेल होतं, ओल होती, किंवा पत्रा इतका गुळगुळीत होता की धरायला जागाच नव्हती. उजव्या पॅनलवर पहिलं कारण धरून चाला.

प्राइमर पत्र्यावर शाबूत आहे आणि रंगच तेवढा सालीसारखा निघाला, तर बिघाड या दोन थरांच्या मध्ये आहे. प्राइमर चारशे नंबरच्या पेपरने घासला नसेल, घासून धूळ तशीच राहिली असेल, किंवा रंग मारण्याआधी त्यावर तेलकट हात फिरला असेल. हा सगळ्यात स्वस्तातला बिघाड, कारण पत्र्यापर्यंत जावं लागत नाही.

आणि नुसता पारदर्शक पापुद्रा सुटत असेल, रंग खाली जिथल्या तिथे, तर क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) फार उशिरा मारला गेला किंवा फार पातळ बसला आणि उन्हाने खाल्ला.

फोड अजून फुटलेला नसेल तर सुई टोचा. पाण्याचा थेंब आला तर रंगाखाली मीठ अडकलेलं आहे; तिकडे पुढे येतो. कोरडा आणि पोकळ निघाला तर थिनर आत कोंडला होता: एकावर एक जाड हात दिले, मधे वाळू दिलं नाही, वर उन्हात ठेवलं किंवा लगेच गरम इंजिनावर चढवलं.

खालचा रंग कोणत्या जातीचा

पोपड्याने जागा सांगितली. पण जुन्या गाडीवर आधीच्या मालकाने काय फासलंय हे कळल्याशिवाय वर काही मारू नका. पांढरी चिंधी थिनरमध्ये बुडवा, पॅनलच्या आतल्या कडेला एका जागी मिनिटभर दाबून धरा, मग काढून बघा.

चिंधीला रंग उतरला आणि पृष्ठभाग चिकट झाला, तर खाली लॅकर (नुसता थिनर उडून वाळणारा रंग) किंवा साधा स्प्रे कॅन आहे. रंग फुगून सुरकुतला, तर खाली सिंथेटिक इनॅमल आहे, घराच्या ग्रिलला मारतात तो. काहीच झालं नाही, तर हार्डनर मिसळून पक्का होणारा पी यू (पॉलियुरेथेन) रंग आहे किंवा कंपनीतून आलेला भट्टीतला मूळ रंग. तिसरा प्रकार निघाला तर नशीब चांगलं. तो जिथे घट्ट आहे तिथे नुसता घासून त्यावर काम करता येतं.

दुसरा प्रकार सगळ्यात त्रासाचा. इनॅमलवर स्प्रे कॅन मारला की कॅनमधला थिनर इनॅमलच्या आत शिरतो, तो फुगतो आणि डोळ्यांदेखत सुरकुत्या पडतात. कधी लगेच पडत नाहीत, दुसऱ्या हाताला पडतात, आणि मग माणूस म्हणतो की पहिला हात तर छान बसला होता. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या रेड ऑक्साइड प्राइमरचंही हेच. तो गेट आणि ग्रिलसाठी चांगला आहे. आतून वाळायला वेळ घेतो आणि वरून लॅकर आला की उचलला जातो. ‘पत्र्याला रेड ऑक्साइड’ हे समीकरण आपल्याकडे इतकं पाठ झालंय की दुकानदार विचारतही नाही वर काय मारणार आहात. ब्रशने इनॅमल मारणार असाल तर खुशाल वापरा. स्प्रेखाली नको. खाली इनॅमल किंवा रेड ऑक्साइड सापडला तर सगळा उतरवा, अर्धवट नको. उरलेल्या तुकड्याच्या काठावर सुरकुत्या हमखास येतात.

उजवंच पॅनल का

चेतकचं इंजिन उजवीकडे, या पॅनलच्या पोटात. जुनी चेतक टू स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच टू टी ऑइल. कार्बुरेटरशी झिरपणारं, सायलेन्सरच्या जोडाशी थुंकलं जाणारं, गिअर बॉक्सच्या सीलमधून येणारं, असं सगळं तेल पंख्याच्या वाऱ्याने धुळीसकट पॅनलच्या आतल्या अंगाला जाऊन बसतं. वर्षानुवर्षं बसतं. पॅनल काढून उलटं केलंत तर आत काळा चिकट थर दिसेलच, पण तो तितका वाईट नाही, कारण तो दिसतो. वाईट आहे ते पॅनलच्या दुमडलेल्या कडेत शिरलेलं तेल. बाहेरून तुम्ही कितीही पुसा, कडेच्या घडीत ते असतंच. इंजिन तापलं की पॅनल तापतं, तेल पातळ होतं, घडीतून बाहेर सरकतं आणि प्राइमरच्या काठाखाली शिरतं. म्हणून फोड बहुतेक वेळा खालच्या कडेपासून दोन बोटांच्या पट्ट्यात सुरू होतात, आणि हवेसाठीच्या खाचा असतील तर त्यांच्या काठाशी.

हे खरं आहे का ते बघायचं असेल तर पॅनल साबणाने धुऊन, पुसून, कडकडीत वाळवा. स्वच्छ झालं अशी खात्री पटली की केस वाळवायचा ड्रायर घ्या आणि खालच्या कडेवर एकाच जागी थोडा वेळ धरा. घडीच्या रेषेवर आधी ओलसर चमक येते, मग मधाच्या रंगाची बारीक रेघ उमटते आणि मधेच एखादा थेंब जमून खाली ओघळतो. याच्यावर तुम्ही प्राइमर मारत होतात.

आता साफसफाई. इथे क्रम चुकला की बाकी सगळं पाण्यात.

पहिल्यांदा आतला जाड थर पत्र्याच्या पट्टीने खरवडा आणि राकेल किंवा डिझेलने धुवा. जाड ग्रीस काढायला याच्याइतकं स्वस्त काही नाही, पण दोन्ही तेलकट थर मागे ठेवतात, त्यामुळे शेवटचं पुसणं यांनी कधीच करायचं नाही. पेट्रोलचंही तेच, आणि गाडीच्या टाकीतूनच चिंधी भिजवणारे लोक असतात त्यांनी विचार करावा: त्या पेट्रोलमध्ये टू टी ऑइल मिसळलेलंच आहे. तेल काढायला तेल.

मग गरम पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड, जुना ब्रश, आतून बाहेरून दोनदा. गाडी धुवायचा शॅम्पू नको, अनेकांत मेण असतं. भरपूर पाण्याने खळबळून वाळवा. मग ड्रायरने कड तापवा, जे बाहेर येईल ते पुसा, पुन्हा तापवा, पुन्हा पुसा. रेघ उमटायची बंद होईपर्यंत हे चालतं आणि यात अख्खी दुपार जाते. ड्रायर चालू असताना थिनरची उघडी वाटी शेजारी ठेवू नका. तापवणं संपवून, पॅनल गार करून मगच थिनर.

शेवटी दोन कापडं. एक थिनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलं, दुसरं कोरडं. ओल्याने पुसलं की ते सुकायच्या आत लगेच कोरड्याने उचलायचं. नुसतं ओल्याने पुसून सुकू दिलं तर तेल जिथल्या तिथे पसरून बसतं. कापडं पांढरी सुती घ्या, म्हणजे मळ दिसतो, आणि बाजू बदलत राहा. नवं कापड एकदा धुऊन घ्या, त्यातली खळ नडते.

झालं का स्वच्छ? पॅनल तिरकं धरून पाणी ओता. पाणी सलग चादरीसारखं पसरून राहिलं तर झालं. थेंब थेंब होऊन पळालं, किंवा मधे कोरडी बेटं दिसली, तर तेल आहे. ही चाचणी फुकटची आहे आणि कुठल्याही केमिकलपेक्षा जास्त उपयोगाची, तरी करणारे कमीच.

घासायची पाळी यानंतर. आधी घासलं तर पेपर तेलाला प्रत्येक ओरखड्यात भरत जातो आणि मग ते निघणं कठीण. घासून झाल्यावर पुन्हा एकदा दोन कापडं.

याच रांगेत आणखी एक शत्रू बसतो, सिलिकॉन. टायर चमकवायचा स्प्रे, सीट चमकवायचं पॉलिश, दरवाजाच्या कुरकुरण्यावर मारायचे काही स्प्रे. यातलं काही अंगणात दूरवर उडालं असेल तरी रंग मारताना पृष्ठभागावर गोल खड्डे पडतात, मधे प्राइमर दिसतो आणि भोवती रंगाची कड. अशा खड्ड्यावर जाड हात मारून तो बुजत नाही. थांबा, वाळू द्या, घासा, पुसा, मग अगदी पातळ धुरळा मारून पुढे जा. आणि कामाच्या दिवशी डोक्याला तेल चोपडून रंग मारायला उभे राहू नका. वाकलं की घामाचा थेंब नेमका पॅनलवर पडतो.

गंज

पोपड्याची पाठ तपकिरी निघाली असेल तर हा भाग तुमच्यासाठी.

ड्रिलला तारेचा ब्रश लावून गंज काढला की पत्रा चकचकीत दिसतो आणि माणूस फसतो. तारेचा ब्रश वरचा सैल गंज उडवतो आणि खालच्या खड्ड्यांतला गंज घासून नुसता चमकवतो. पॅनल उन्हात तिरकं धरा. चमकदार पत्र्यात काळे ठिपके दिसले तर ते डाग नाहीत, ते खड्डे आहेत आणि त्यांत गंज आहे. ऐंशी नंबरच्या पेपरने हाताने, नाहीतर ड्रिलला फ्लॅप डिस्क (पेपरच्या पाकळ्यांची घासायची चकती) लावून ते उघडावे लागतात. चेतकचा पत्रा दणकट असला तरी फ्लॅप डिस्क एकाच जागी दाबून धरली तर पत्रा तापून वाकतो. खड्डे फारच दाट असतील तर एमआयडीसीतल्या सँडब्लास्टिंगवाल्याकडे द्या, पण बारीक वाळू आणि कमी दाब असं सांगून. जाड कास्टिंगसाठी लावलेल्या दाबावर पॅनल मारलं तर ते लाटा घेऊन परत येतं.

मुंबई, रत्नागिरी, मालवण, पणजी या पट्ट्यातल्या गाड्यांना आणखी एक कटकट असते. खाऱ्या हवेतलं मीठ गंजाच्या खड्ड्यात खोल जाऊन बसतं. गंज निघतो, मीठ राहतं. रंग दिसायला बंद असला तरी पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आत जातेच. मीठ ती ओढून घेतं, रंगाखाली पाणी साठतं आणि फोड उठतो. सुईने टोचल्यावर पाणी येतं ते हेच. घामाच्या हातांचे ठसे आणि बोअरच्या जड पाण्याचे वाळलेले डाग हेसुद्धा असेच फोड उठवतात, फक्त बारीक. ठशाच्या आकाराचे फोड आलेले पॅनल बघितलं की कुणी कुठे हात टेकला होता ते अगदी दाखवता येतं.

मीठ गेलं का हे ओळखायची पद्धत सोपी आहे. पत्रा उघडा करून, धुऊन, वाळवून, रात्रभर घरात ठेवा. सकाळी खड्ड्यांत केशरी ठिपके उमटले तर मीठ आहे. गरम पाण्याने ब्रश मारून धुवा, पुन्हा घासा, पुन्हा ठेवा. शेवटची खळबळ बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने करा. एका पॅनलला एक बाटली पुरते. ताबडतोब ड्रायरने वाळवा. आणि इथून पुढे हातमोजे.

रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर लावायचं रसायन, याबद्दल लोक फार आशा धरतात. गंज काळा पडला की मेला असं वाटतं. पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर तो काम करतो. सैल खपलीखाली पोचत नाही आणि मीठ तर काढतच नाही. फॉस्फरिक अ‍ॅसिडवाला वापरला तर डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुऊन काढा. उरलेलं अ‍ॅसिड वरच्या एपॉक्सीला नीट घट्ट होऊ देत नाही.

उघड्या पत्र्यावर माझी पसंती एपॉक्सी प्राइमरला. दोन डबे, बेस आणि हार्डनर, सांगितलेल्या मापात. ब्रशने मारता येतो, पाण्याला चांगला अडवतो आणि वर लॅकर आला तरी उचलला जात नाही. वाळायला रात्र घेतो, ती द्यायची. पुट्टी लागणार असेल तर ती या एपॉक्सीवर, घासून, मग भरायची. उघड्या पत्र्यावर पुट्टी भरून तिला पाण्याचा पेपर मारणं ही आपल्या गल्लीबोळातल्या डेंटिंग-पेंटिंगची जुनी खोड आहे. पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते. ते पाणी खाली पत्र्यापर्यंत जातं आणि वरून रंग मारून तुम्ही त्याचा परतीचा रस्ता बंद करता. पुट्टी कोरडी घासा, मास्क लावून. अ‍ॅसिडवाला एच (इचिंग) प्राइमर मारला असेल तर त्यावर थेट पॉलिएस्टर पुट्टी नको, ती नीट घट्ट होत नाही.

पुट्टीत हार्डनर जास्त पडला तर लवकर वाळते हे खरं, पण जास्तीचा हार्डनर नंतर पांढऱ्या किंवा फिक्या रंगातून पिवळट डाग होऊन वर येतो. वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम. एन सी पुट्टी ट्यूबमध्ये मिळते ती फक्त ओरखड्यांसाठी. खड्डा भरायला वापरली की महिनाभराने खाली बसते आणि कड उमटते.

आणि पॅनलची आतली बाजू! बाहेरून पाच थर आणि आत उघडा पत्रा, असं असेल तर गंज आतून निवांत येतो. आतही एपॉक्सीचे दोन हात द्या. दिसत नाही म्हणून ब्रशचे फराटे राहिले तरी चालतील.

प्राइमर पूर्ण वाळला की पुढे जाण्याआधी एका कोपऱ्यात ब्लेडने बारीक चौकडी पाडा, सहा उभ्या, सहा आडव्या, दोन-दोन मिलिमीटरवर. त्यावर रुंद सेलोटेप घट्ट दाबून झटक्यात ओढा. चौकोन टेपला आले तर थांबा आणि मागे जा. रंग आणि क्लिअर मारून झाल्यावर हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

हवा

पावसाळ्यात लॅकर किंवा स्प्रे कॅन मारला की रंगावर दुधाळ झाक येते. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, आणि दमट हवेतलं पाणी गार पृष्ठभागावर धरतं, ते रंगात अडकतं. काळ्या आणि गडद निळ्या रंगावर हे लगेच दिसतं, पांढऱ्यावर दिसत नाही पण असतं, आणि तिथे पुढे रंग कमजोर राहतो. गॅरेजवाले रिटार्डर म्हणजे सावकाश उडणारा थिनर घालून यातून मार्ग काढतात. कॅनमध्ये तो घालता येत नाही. म्हणून जुलैत मुंबईत गॅलरीत कॅन मारायचा हट्ट सोडा. पॅनल काढून, एपॉक्सी मारून ठेवा, त्यात घाई नाही. रंग ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी.

इथेच दसरा आडवा येतो. गाडीची पूजा करायची म्हणून भाद्रपदाच्या शेवटी धावपळ, आणि चार दिवसांच्या कच्च्या रंगावर ओलं हळदकुंकू आणि तारेत ओवलेला झेंडूचा हार. स्प्रे कॅनचा रंग हाताला तासाभरात कोरडा लागतो, आतून पक्का व्हायला आठवडा आणि कधी त्याहून जास्त घेतो. हळदीचा डाग तोवर आत उतरतो. पूजा हॅंडलची करा.

कॅन वापरताना एक वीत अंतर पुरे. गोळीचा आवाज सुरू झाल्यावर दोन मिनिटं हलवा. पहिला हात धुरळ्यासारखा, खालचं दिसलं पाहिजे. मधे दहा-पंधरा मिनिटं. हात पॅनलच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडायचा. क्लिअर कधी मारायचा ते कॅनवर लिहिलेलं असतं, ते पाळा. तो वेळ टळून गेला तर नुसता वर मारू नका, आठशेच्या पेपरने हलकं घासून मग मारा.

पेट्रोल आणि क्लिअर

सगळं नीट केलं, फोड नाहीत, तरी सीटखाली पॅनलच्या वरच्या कडेला रंग मऊ पडून ओघळ उमटतात. हे पेट्रोल. टाकीचं झाकण सीटखाली, पंपावरचा माणूस काठोकाठ भरतो, चार थेंब खाली. साध्या स्प्रे कॅनचा क्लिअर नुसता थिनर उडून वाळतो, त्यामुळे पेट्रोल त्याला पुन्हा मऊ करतं. कितीही थर द्या, हा स्वभाव जात नाही. पेट्रोल सोसतो तो हार्डनरवाला टू के क्लिअर.

तो कॅनमध्येही मिळतो. बुडातली कळ दाबली की हार्डनर आत मिसळतो आणि मग ठरावीक वेळेत वापरून टाकायचा. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा होतो, आणि एकदा शरीराने ते मनावर घेतलं की पुढे थोड्या मात्रेनेही त्रास होतो. कापडी मास्क, कोविडचा एन ९५, काहीच उपयोगाचं नाही. बंद गॅलरीत, आत मूल झोपलेलं असताना तर मुळीच नको. माझं मत स्पष्ट आहे: क्लिअर हा बूथ (रंग मारायची बंदिस्त खोली) आणि श्वासासाठी हवेचा पुरवठा असलेल्या पेंटरकडून मारून घ्या. आधी बोलून घ्या मात्र. दुसऱ्याने मारलेल्या रंगावर क्लिअर द्यायला बरेच पेंटर नाही म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे, कारण उद्या सुटला तर नाव त्यांचं. तसं असेल तर साफसफाई, गंज, एपॉक्सी आणि पुट्टी तुम्ही करा, पुढचं त्याला द्या. घरी तुमचा वेळ खरा लागतो तो तिथेच, आणि पेंटर नेमका त्याच कामाला वेळ देत नाही.

साध्या कॅनचा लॅकर, थिनर आणि प्राइमर यांच्यासाठीही कार्बन कार्ट्रिजवाला मास्क घ्या. उघड्यावर काम करा. जवळ गॅस, देवाजवळची समई, उदबत्ती काही नको. खूप जुना मूळ रंग घासत असाल तर त्यात शिसं असू शकतं, तो पाण्याने ओला ठेवून घासा आणि तो गाळ मोरीत न सोडता कागदावर वाळवून बांधून टाका.

बसवताना

पॅनल परत चढवण्याआधी इंजिनाची गळती बघा. कार्बुरेटरचं गॅस्केट, गिअर ऑइलचं सील, सायलेन्सरचा जोड. ती तशीच ठेवली तर वर्षभरात घडीत पुन्हा तेल. पॅनलची कड बॉडीला जिथे टेकते तिथली रबर पट्टी कडक झाली असेल तर नवी लावा. जुन्या कडक रबराखाली थरथरीने रंग घासून पत्रा उघडा पडतो आणि तिथूनच पुढचा गंज सुरू होतो. घडीच्या आतून, रंग पक्का झाल्यावर, पातळ मेणाचा किंवा ग्रीसचा हात फिरवा, बाहेर येणार नाही इतकाच. किकचा पाय जिथे पॅनलला लागतो तिथे कपचा उडतोच. तो दिसला त्याच आठवड्यात बारीक ब्रशने एपॉक्सीचा ठिपका आणि वर रंगाचा ठिपका द्या. रंगाचं जमलं नाही तर नुसती एपॉक्सी चालेल, पण ठिपका द्याच.